चंद्रावर पाणी, पाड्यावर टँकर : एका प्रश्नाचा हिशोब



ऑगस्ट उजाडला की शाळेत परिपत्रक येतं. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन, तेव्हा चित्रकला घ्या, प्रश्नमंजूषा घ्या, निबंध घ्या आणि फोटो लिंकवर टाका. निबंधाचा विषयही जवळजवळ ठरलेला असतो : 'अंतराळ संशोधन : गरज की चैन?' आणि मुलांचे निबंधही ठरलेले. निम्मी मुलं लिहितात की विज्ञानामुळे मानवाची प्रगती झाली, उरलेली निम्मी लिहितात की आधी गरिबी हटवा. दोन्हीकडची वाक्यं मोबाईलवरून उतरवलेली. आपण दोन्हीवर लाल शेरा मारतो, 'छान', आणि पुढची वही उघडतो.

गेल्या वर्षी मात्र एका वहीपाशी माझा हात थांबला.

मी नाशिकहून पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ये-जा करते. पावसाळ्यात सावळ घाटात समोरची गाडी दिसत नाही इतका पाऊस, आणि त्याच भागात मार्च लागला की विहिरीभोवती हंड्यांची रांग. हे विरोधाभासाचं चित्र तुमच्यापैकी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे नोकरी केलेल्यांना नवीन नाही. तर सातवीतल्या एका मुलीने निबंधाच्या जागी तीनच ओळी लिहिल्या होत्या. 'चंद्रावर पाणी सापडले. आमच्या पाड्यावर मार्चपासून टँकर येतो. चंद्रावरचे पाणी कोण पिणार आहे?'

मी तिला जवळ बोलावलं आणि आपण सगळेच देतो ते उत्तर दिलं. उपग्रहामुळे टीव्ही दिसतो, मोबाईलवर नकाशा दिसतो, वादळाची सूचना मिळते. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाई, मी पाण्याचं विचारलं होतं."

तिचं बरोबर होतं. मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यानंतरचे काही महिने मी या एका प्रश्नाचा हिशोब जुळवत होते. तो या लेखात मांडते आहे, २३ तारखेच्या आधी तुमच्या हातात पडावा म्हणून.

आधी एक सांगते. हा प्रश्न फक्त आपल्या मुलांनाच पडतो असं नाही. १५ जुलै १९६९ ला, अपोलो ११ उडण्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकेतले नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ ॲबरनॅथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबं घेऊन थेट उड्डाणतळाच्या दारात गेले होते. भुकेलेल्या मुलांच्या देशात चंद्रावर इतके पैसे का, हेच विचारायला. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की यान न उडवल्याने गरिबी जाणार असेल तर आम्ही ते उडवणार नाही. ॲबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली. प्रश्न विचारणारा माणूस विज्ञानाचा शत्रू असतोच असं नाही, हे मुलांना सांगायला ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. पण त्या अमेरिकेचा आणि आपला आकडा मात्र सारखा नाही. १९६६ साली नासाला त्यांच्या केंद्रीय खर्चातले सुमारे ४.४ टक्के मिळत होते. आपल्याकडे किती?

चांद्रयान-३ उतरलं ते २०२३-२४ हे वर्ष घेऊ. केंद्राचं अंदाजपत्रक सुमारे ४५ लाख ३ हजार कोटींचं होतं. त्यातले अवकाश विभागाला १२,५४४ कोटी. भागाकार केला तर ३५९ येतात. म्हणजे ३५९ रुपयांतला एक रुपया.

इथे मला गणिताच्या शिक्षकांसाठी एक छान गोष्ट सापडली. वर्तुळाचे अंश ३६०, आणि इस्रोचा वाटा ३५९ मध्ये एक. वृत्तालेख पुढच्या वर्गात येतो, पण कोनमापक सातवीच्या मुलांना चांगला वापरता येतो. फळ्यावर मोठं वर्तुळ काढा. जुन्या कर्जांवरचं व्याज, १० लाख ८० हजार कोटी : ८६ अंश, जवळजवळ काटकोन. संरक्षण, ५ लाख ९४ हजार कोटी : साडेसत्तेचाळीस अंश. केंद्राचं शिक्षण मंत्रालय, १ लाख १३ हजार कोटी : ९ अंश. घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन, ७० हजार कोटी : साडेपाच अंशांच्या थोडं वर. आणि अवकाश विभाग : एक अंश. खडूने काढायला गेलात तर ती पाकळी खडूच्या रेघेतच नाहीशी होते. आमच्या वर्गात एका मुलाने खडू टोकदार करून पाहिला, तरी जमेना.

इथपर्यंत आलं की इस्रोप्रेमी मंडळी खुश होतात. थांबा. त्याच वर्षी केंद्राने पीएम पोषण, म्हणजे आपल्या शालेय पोषण आहारासाठी ११,६०० कोटी ठेवले होते. तोही एकच अंश, किंबहुना एका अंशालाही थोडा कमी. राज्य आपला वाटा वेगळा घालतं हे खरं, पण देशभरातल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाला केंद्राने ठेवलेली रक्कम अवकाश विभागापेक्षा कमी होती, हेही तितकंच खरं. म्हणून 'इस्रोला मिळतात ते चिल्लर पैसे' असं वर्गात म्हणू नका. ज्या मापाने रॉकेट लहान दिसतं, त्याच मापाने खिचडीही लहान दिसते.

आणखी एक भागाकार, तोही दुधारी. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी सांगितला गेला. १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी ४ रुपये ४० पैसे. एकदाच. त्या काळात पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांचा दर दिवसाला ५ रुपये ४५ पैसे होता. म्हणजे चंद्रावर उतरायला प्रत्येक भारतीयाला एका मुलाच्या एका दिवसाच्या वरण-भाजीपेक्षा कमी पैसे पडले. चंद्र स्वस्तात पडला म्हणावं, की मुलाच्या ताटात साडेपाच रुपये म्हणजे फारच कमी म्हणावं? आमच्या वर्गात दोन्ही बाजूंनी हात वर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये तो दर ६ रुपये १९ पैसे झाला होता, हे पालकांसाठी जाता जाता.

(मंगळयान किलोमीटरला रिक्षापेक्षा स्वस्त पडलं, हा मेसेज तुम्हालाही आला असेल. ऐकायला मजेशीर आहे, शिकवायला निरुपयोगी. अंतराळात एकदा वेग मिळाला की यान बरंचसं अंतर इंजिन बंद ठेवूनच कापतं, रिक्षाला मात्र प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल लागतं. शिवाय नाशिकच्या रिक्षावाल्यांशी तुलना करायची तर आधी मीटरने येणारा रिक्षावाला शोधावा लागेल.)

पण हे सगळं पैशांचं झालं. मुलीने विचारलं होतं पाण्याचं.

आजीआजोबांना १९७२ आठवतं. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. त्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, भारत सरकारने अवकाश आयोग आणि अवकाश विभाग स्थापन केला. विक्रम साराभाई सहा महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९७१ मध्ये गेले होते, आणि धुरा सतीश धवन यांच्याकडे आली. महाराष्ट्रात खडी फुटत होती आणि दिल्लीत अवकाश खातं उघडत होतं. आज आपल्याला वाटतं त्याहून शंभरपट विचित्र तेव्हा वाटलं असेल. आणि याच १९७२ साली महाराष्ट्राने आणखी एक संस्था काढली, जिचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे, हे शोधायचं आणि मोजायचं तिचं काम. एक संस्था वर बघणारी, एक खाली. सोळा वर्षांनी या दोघींची खरी गाठ पडली.

ती कशी, हे मुलांना सांगताना आमच्याकडे पाणाड्यापासून सुरुवात करावी लागते. हातात दुबेळक्याची काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या शेतातून चालतो, काठी वळली की तिथे खोदायचं. मुलांना वाटतं उपग्रह म्हणजे वरचा पाणाड्या. तसं नाही. उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. हे स्पष्ट सांगा, कारण आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांचाही तसा समज आहे. माझाही होता.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. अखंड काळा दगड पाणी धरत नाही. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत, आणि दोन थरांमधल्या भुसभुशीत पट्ट्यांत. वर माती पातळ, उतार तीव्र. म्हणून दोन-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बराचसा दमणगंगा, नार, पार या नद्यांतून गुजरातकडे निघून जातो. दिवाळीनंतर झरे आटत जातात, होळीपर्यंत विहिरीचा तळ दिसतो. अशा खडकात दहा फूट इकडे बोअर घेतली तर पाणी, दहा फूट तिकडे घेतली तर नुसती धूळ.

उपग्रहाला दिसतात त्या भेगांच्या खुणा. भर उन्हाळ्यात डोंगरावर सगळं पिवळं असताना झाडांची एक सरळ हिरवी रेघ दिसते. ओढा वाहता वाहता अचानक पट्टीने आखल्यासारखा वळतो. निसर्ग अशा सरळ रेषा उगाच काढत नाही, खाली खडकाला तडा असण्याची शक्यता असते. हिरवी पानं आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परतवतात. उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो, आणि चित्रात अशी झाडी लालभडक दाखवायची पद्धत आहे. सुदूर संवेदनाचं चित्र पहिल्यांदा बघणारी मुलं विचारतात की जंगलाला आग लागली का. तर अशा रेषा, उतार, खडक, नद्या हे सगळं नकाशावर उतरवतात. मग भूजलचा माणूस प्रत्यक्ष जागेवर जातो, जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतो, आसपासच्या विहिरींची पातळी टेपने बघतो, आणि मग सांगतो की इथे खोदा. उपग्रहाचं काम एवढंच की शंभर डोंगर पायाखाली घालण्याऐवजी पाच घालावे लागतात.

हे काम करणारा भारताचा पहिला उपग्रह आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटवरून गेला. त्याआधी आपण अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रं घेत होतो. त्याच १९८८ मध्ये नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. पुढे राष्ट्रीय पेयजल मिशनसाठी हैदराबादच्या सुदूर संवेदन संस्थेने याच मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं वापरून टप्प्याटप्प्याने राज्याराज्यांचे भूजल नकाशे केले. बहात्तरला खडी फोडणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं.

हवामानाचं मी थोडक्यात आटोपते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाईलवर ढगांचं चित्र बघत बसतात ते इन्सॅटचं. गारपीट कुणाच्या बागेत पडणार हे त्यातून कळत नाही, २०१४ च्या गारपिटीत ते सगळ्यांनी भोगलंच. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढे नाशिकपर्यंत पोचलं, तेव्हा त्याचा मार्ग आधी माहीत होता, किनाऱ्यावरची माणसं हलवलेली होती आणि मृत्यू बोटांवर मोजण्याइतके झाले. शाळांची छपरं मात्र उडाली. छप्पर काही उपग्रहाला धरून ठेवता येत नाही. आणि पुण्याचे वसंतराव गोवारीकर यांच्याबद्दल वर्गात जरूर सांगा. रॉकेटचं घन इंधन घडवणारा, थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा प्रमुख राहिलेला हा माणूस. मान्सूनच्या अंदाजाचं १६ घटकांचं प्रारूप १९८८ पासून त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. २००२ चा दुष्काळ त्या प्रारूपाला पकडता आला नाही आणि ते बदलावं लागलं, तेही सांगा. मुलांना शास्त्रज्ञ चुकतात हे कळलं की विज्ञान जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. नकाशे आहेत, उपग्रह आहेत, पैसेही आहेत, तर मग पाड्यावर टँकर का?

१ फेब्रुवारी २०२५ ला बजेट आलं तेव्हा मी पहिल्यांदा इस्रोचा आकडा न बघता पाण्याचा बघितला. २०२४-२५ साठी जलजीवन मिशनला ७०,१६३ कोटी ठेवले होते. वर्ष संपता संपता सुधारित अंदाजात तो आकडा २२,६९४ कोटींवर आला. फरक ४७,४६९ कोटी. मिशनची मूळ मुदत २०२४ ला संपत होती, पुढची मंजुरी व्हायची होती, त्यामुळे गाडी अडली. आता मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे. कारणं काहीही असोत, त्या वर्षी अवकाश विभागाचा पूर्ण नियत खर्च होता १३,०४३ कोटी. म्हणजे नळासाठी ठेवलेले आणि नळापर्यंत न गेलेले पैसे इस्रोच्या साडेतीन वर्षांच्या खर्चाहून जास्त आहेत.

मला वाटतं मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. चंद्राने तिचे पैसे खाल्लेले नाहीत. इस्रो उद्या बंद केली तरी तिच्या पाड्यावरची टाकी भरणार नाही. आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला एका योजनेची टाकी उभी आहे, खाली नळाच्या तोट्याही आहेत. विहिरीतच उन्हाळ्यात पाणी नसतं, मग टाकीत कुठून येणार? विहीर कुठे खोदायची हे ठरवताना कुणी तो भूजल नकाशा उघडला होता का, हा मला पडलेला खरा प्रश्न.

आपण शिक्षक हे दुखणं ओळखतो, कारण शाळेत ते आधीच येऊन गेलं आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन भारताने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. साइट प्रयोग म्हणतात तो हा. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण त्या वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना टीव्हीवरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. १९७५ साली! प्रयोग यशस्वी का झाला? कारण गावातला संच बिघडला की दुरुस्त करायला माणूस येत होता, आणि कुठे किती संच चालू आहेत याची नोंद ठेवली जात होती. मग २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला. उपग्रह उत्तम चालला. खाली मात्र कुठे डिशला वीज नाही, कुठे संच बंद, कुठे दाखवायला कार्यक्रम नाहीत. कॅगनेही पुढे या वापरावर ताशेरे ओढले. छत्तीस हजार किलोमीटरवरची गोष्ट जमली, शाळेच्या गच्चीवरची जमली नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याची बातमी आठवत असेल. बायका तास नदीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यांवरून हंडे घेऊन पलीकडे जात होत्या. फोटो सगळीकडे फिरला, जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल झाला, आणि त्याच पावसाळ्यात तो पुराच्या पाण्यात गेला. एवढ्याशा पुलाचं काम, पण तिथे नदी किती चढते हे त्या पाड्यावरच्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं.

उरलेल्या अर्ध्या उत्तराबद्दल मला तितकी खात्री नाही, पण प्रामाणिकपणे सांगते. आयआरएस मालिकेच्या बाजूने मी कुणाशीही वाद घालीन. चांद्रयानाच्या बाजूनेही घालीन. चांद्रयान-१ ला ३८६ कोटी लागले, आणि त्यावरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. ते पाणी कुणी पिणार नसलं तरी आपल्या मुलांनी पुस्तकात वाचायचं नवं काही आपल्या देशाच्या यानातून आलं. गगनयानाशी मात्र माझं मन अडखळतं. २०१८ ला ९,०२३ कोटींची मंजुरी होती, सप्टेंबर २०२४ मध्ये पुढच्या मोहिमा धरून तो आकडा २०,१९३ कोटी झाला. माणूस वर पाठवून परत आणणं मोठंच आहे, पण त्यातून माझ्या पाड्याला काय मिळणार हे मला सरळ सांगता येत नाही. 'देशाचा अभिमान' एवढंच उत्तर असेल तर मग मूल पुढचा प्रश्न विचारणारच की येत्या सिंहस्थाला किती, पुतळ्याला किती, स्टेडियमला किती. विचारू द्या. हिशोब शिकवायचा आणि तो फक्त इस्रोलाच लावायचा, हे बरं नाही.

वर्गात हे कसं घेतलं ते थोडक्यात. जुलैमध्ये आठवड्यातले तीन तास दिले. पहिल्या तासाला वर्तुळ आणि कोनमापक. दुसऱ्या तासाला माझ्या मोबाईलवर इस्रोचं भुवन संकेतस्थळ उघडून गंगापूर धरण शोधलं, मग शाळा, मग मुलांचे पाडे. रेंज अर्ध्यात गेली, तेव्हा शाळेबाहेरच्या वडाखाली जाऊन उरलेलं बघितलं. तिसऱ्या तासाला कोण काय करतं याचा तक्ता. अवकाश विभाग केंद्राचा, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतला. पाणी हा राज्यसूचीतला विषय. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत. गावातली नळ योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात. दिल्लीत एका खात्याचे पैसे वाचले म्हणून ते आपोआप दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या खात्याच्या पाईपात येत नाहीत, हे तक्त्यावर मुलांना पाच मिनिटांत कळलं. मोठ्यांना कळायला वेळ लागतो. पालकांनी घरी करायचं असेल तर महिन्याच्या घरखर्चाचं असंच वर्तुळ काढून बघा. मुलाच्या शिकवणीला किती अंश, मोबाईलच्या रिचार्जला किती अंश. आमच्या घरी ते वर्तुळ काढल्यावर दोन दिवस जरा शांतता होती.

तिसऱ्या तासाच्या शेवटी एका मुलाने विचारलं, "बाई, ते ४७ हजार कोटी मग आता कुठे आहेत?" मी सांगितलं की ते एखाद्या तिजोरीत पडून नसतात. तेवढा खर्च झालाच नाही, किंवा सरकारला तेवढं कमी कर्ज काढावं लागलं. त्याला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

मग आम्ही ग्रामसेवक भाऊसाहेबांना शाळेत बोलावलं. ते आले, चांगलं बोलले, योजनेचा कागदही दाखवला. त्यावर टाकीची क्षमता होती, पाईपची लांबी होती, घरांची संख्या होती. एका मुलीने विचारलं, विहिरीची जागा भूजलवाल्यांनी दाखवली होती का? भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट केला. म्हणाले, ते यात नाही, भूजलच्या कार्यालयात विचारावं लागेल.

मुलं सध्या ते पत्र लिहिताहेत. मराठीच्या तासाला, औपचारिक पत्रलेखन म्हणून. मजकूर त्यांचा आहे, मी फक्त शुद्धलेखन बघते. गेल्या वर्षी तीन ओळींचा निबंध लिहिणारी मुलगी आता आठवीत, आश्रमशाळेत आहे. रक्षाबंधनाला घरी आली होती, तेव्हा शाळेत डोकावली. पत्राचा कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाली, "बाई, यात विहीर कोणत्या महिन्यात आटते ते लिहिलंच नाही." ते आता लिहिलं आहे.